पोटरीला वेळ लागतो : टिळकवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकाचं पिकलबॉल

पिकलबॉल म्हणजे बॅडमिंटनएवढ्या कोर्टावर, कडक बॅट आणि छिद्रांच्या चेंडूनं, बुटक्या जाळीवरून खेळायचा खेळ. तो शिकायला दोन-तीन सकाळी पुरतात. साठीनंतर हा खेळ धरणाऱ्यांना मुख्य त्रास होतो तोही याच सोपेपणाचा. हाताला आणि नजरेला खेळ आठवड्यात जमतो, दम महिन्याभरात वाढतो. पण पोटरी, टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन, रक्ताची नव्हे) आणि कोपर यांना त्याच कामाची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात माणूस जमतंय म्हणून खेळत राहतो आणि तिथंच दुखावतो. पुढचं प्रकरण बेळगावातल्या एका वसाहतीतलं आहे. नावं दिलेली नाहीत. गटातली माणसं एकमेकांना ज्या नावानं हाक मारतात तीच वापरली आहे.

माणसं आणि जागा

सर, वय ६४, माध्यमिक शाळेतून निवृत्त. उंची ५ फूट ६ इंच, वजन ८१ किलो. रक्तदाबाची एक गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चाळीस मिनिटं चालणं, तेही कित्येक वर्षं न चुकता. तरुणपणी बॅडमिंटन चांगलं खेळलेले, पण रॅकेट खाली ठेवून पंचवीस वर्षं झालेली.

सोबत बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, वय ६१, त्याही शिक्षिका होत्या. सुभेदार, वय ६६, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, पलटणीत व्हॉलीबॉल खेळलेले. शेजारचे अण्णा आणि अक्का, घरात कन्नड, बाहेर दोन्ही भाषा; अण्णा बँकेतून निवृत्त. आणखी दोघं अधूनमधून.

जागा म्हणजे वसाहतीच्या मोकळ्या मैदानातलं सिमेंटचं जुनं बॅडमिंटन कोर्ट. हिवाळ्यात रात्री मुलं खेळतात, सकाळी रिकामं. कोर्ट पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेला मागं बारा फूट मोकळी जागा, पश्चिमेला मात्र रेषेपासून जेमतेम साडेचार फुटांवर कंपाउंडची भिंत. हे साडेचार फूट लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचा संबंध येतो.

कोर्ट तयार करताना

१९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅककॅलम यांनी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच हा खेळ मांडला. त्यामुळे बाहेरची मापं तीच राहिली: २० फूट रुंद, ४४ फूट लांब. जुन्या कोर्टाच्या सर्वांत बाहेरच्या चारही रेषा जशाच्या तशा चालतात. आतल्या रेषा मात्र फसवतात. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलची ‘किचन’ची रेषा ७ फुटांवर. किचन म्हणजे जाळीलगतची पट्टी, जिच्यात पाय असताना हवेतला चेंडू मारता येत नाही. फरक सहाच इंचांचा, पण गटानं पहिले दहा दिवस जुनीच रेषा धरली आणि मग नवी आखल्यावर सगळ्यांचे पाय रोज आत जाऊ लागले. सवय लागायच्या आधी रेषा बरोबर असावी.

नवी रेषा आखताना माप जाळीच्या बरोबर खालून घ्यायचं आणि ७ फूट हे रेषेच्या बाहेरच्या, म्हणजे खेळाडूकडच्या कडेपर्यंत मोजायचं. रेषा २ इंच रुंद. तीही किचनमध्येच धरली जाते. कोर्ट काटकोनात आहे का ते कर्ण मोजून कळतं: पूर्ण कोर्टाचा कर्ण ४८ फूट ४ इंच भरला पाहिजे. या कोर्टाचे दोन कर्ण पाऊण इंचानं वेगळे निघाले. तेवढ्यानं निवृत्तांच्या खेळात काही बिघडत नाही. बॅडमिंटनची आतली बाजूची रेषा आणि मागून अडीच फुटांवरची आडवी रेषा करड्या रंगानं झाकायची, नाहीतर दर तीन सर्व्हिसमागं एक वाद.

पहिल्यांदा चुन्याची फक्की मारली होती. ती बुटाखाली निसरडी होते, चेंडूला लागते आणि डोळ्यांत जाते. नंतर बाहेरच्या भिंतीला लावतात तो पिवळा रंग घेतला आणि त्यात चाळलेली बारीक वाळू मिसळली. तेलाचा चकचकीत रंग सिमेंटवर नको. बेळगावात नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे दव पडतं, आणि ओल्या तैलरंगावर बूट घसरतोच.

जाळी बॅडमिंटनचीच वापरली. खांबाजवळ उंची ३६ इंच, मधोमध ३४ इंच. खांबाला वरच आकडा असल्यामुळे ३६ इंचांवर नायलॉनची दोरी आवळली आणि मधला झोल दोन इंचांवर राहावा म्हणून जमिनीतल्या कडीला एक पट्टी ओढून बांधली. बॅडमिंटनची जाळी अडीच फूट उंचीची. ती ३६ इंचांवर टांगली की खाली सहा इंचांची फट राहते आणि हळू आलेला चेंडू त्यातून पलीकडे जातो. मग वाकून, चालत जाऊन आणणं. तासाभरात पंधरा-वीस जास्तीची वाकणी होतात आणि सरांच्या गुडघ्याचं निम्मं दुखणं त्यातलंच होतं. बाईंनी रोपवाटिकेतल्या हिरव्या शेडनेटची नऊ इंचांची पट्टी खालच्या दोरीला शिवून टाकली. फट बंद झाली.

बॅट, चेंडू, बूट

सुरुवातीला लाकडी बॅटी आणल्या. स्वस्त असतात, पण बहुतेक अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या. कंपोझिट बॅट साधारण २१० ते २३५ ग्रॅमची मिळते. तळहातावर हा फरक किरकोळ वाटतो. तासाला शेकडो फटके मारले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला त्याचा हिशेब लागतो. सरांची मूठही बारीक होती. मूठ बारीक असली की बॅट फिरू नये म्हणून बोटं सतत आवळावी लागतात, आणि तो सगळा ताण कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जाऊन बसतो. माप घ्यायची सोपी रीत अशी: तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टीनं मोजायचं. सरांचं भरलं ४ इंच आणि तीन दोरे (दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग), बॅटीची मूठ होती ४ इंच. वरून दोन पातळ ग्रिप गुंडाळल्यावर पकड सैल ठेवता आली. दहापैकी चार इतकीच ताकद पकडीत असावी. फटक्याच्या क्षणी फार तर सहा.

चेंडू दोन तऱ्हेचे: उघड्यावर खेळायचा, ४० बारीक छिद्रांचा, कडक; आणि हॉलमध्ये खेळायचा, २६ मोठ्या छिद्रांचा, जरा मऊ. वजन दोन्हींचं २२ ते २६ ग्रॅमच्या आसपास. उघड्या मैदानात २६ छिद्रांचा चेंडू वाऱ्यानं भरकटतो. ४० छिद्रांचा डिसेंबरच्या थंडीत तडकतो. तडा बहुधा सांध्यावर किंवा दोन छिद्रांच्या मध्ये जातो आणि दिसायच्या आधी ऐकू येतो, आवाज फाटका होतो. अण्णा चेंडू रात्री गाडीच्या डिकीत ठेवत होते. घरात ठेवायला लागल्यापासून टिकतात. उन्हात तापवायचे मात्र नाहीत, आकार बिघडतो.

बुटांबद्दल आमचं मत ठाम आहे. चालायचे किंवा पळायचे बूट या खेळाला नकोत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, पाय आडवा टाकला की घोटा बाहेर मुडपतो. बॅडमिंटनच्या गम सोलची पकड चांगली, पण खरबरीत सिमेंटवर ते सोल लवकर झिजतात. सिमेंटला टेनिसचे हार्ड कोर्टवाले बूट योग्य. पैसे बॅटीवर की बुटांवर असा प्रश्न आला तर आधी बूट.

चष्म्याकडं कोणाचं लक्ष जात नाही. सरांचा प्रोग्रेसिव्ह होता. खालचा भाग जवळचं वाचायला असतो, त्यामुळे पायाशी येणारा चेंडू आणि जमिनीवरची भेग दोन्ही धूसर. खेळासाठी फक्त लांबच्या नंबरचा, पॉलिकार्बोनेट काचेचा वेगळा चष्मा केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसानं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय कोर्टावर पाऊल ठेवू नये, आणि नंतरही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

पहिली गडबड : पोटरी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास. सतराव्या दिवशी सर जाळीजवळच्या एका आखूड चेंडूवर झेपावले आणि उजव्या पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटून खाली बसले. मागं वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

मागून फटका बसल्याची ही भावना पोटरीचा स्नायू फाटताना येते आणि टाचेमागची शीर पूर्ण तुटतानाही येते, म्हणून घरी बसून ठरवायचं नाही. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल हललं, म्हणजे शीर शाबूत. स्नायूला आतल्या बाजूला थोडी इजा. तीन आठवडे खेळ बंद.

डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न इथं मुद्दाम नोंदवतो: गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक घेतली होती का? ही औषधं शिरांना कमकुवत करू शकतात, साठीनंतर धोका जास्त, सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखी. सरांनी घेतली नव्हती. पण लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ती या वयात सर्रास दिली जातात. कोर्स चालू असताना आणि त्यानंतरही किती दिवस थांबायचं ते विचारूनच खेळावं.

कारण सरळ होतं. रोजच्या चालण्यानं सरांचा दम चांगला होता, म्हणून दीड तास थकवा जाणवला नाही. पण चालताना पोटरी एकाच दिशेनं, एकाच लयीत काम करते. इथं दर पाच-सहा सेकंदांनी थांबणं, आडवं सरकणं, चवड्यावर जोर देऊन पुढे झेपावणं. शिवाय जुना बॅडमिंटनपटू. पंचविशीतली झेप हाताला आठवते, पायाला ती पेलत नाही. कधीच न खेळलेल्या अक्का पहिल्या महिन्यात धडधाकट राहिल्या, कारण त्या झेपावल्याच नाहीत.

परत येताना जे केलं ते असं. पहिला आठवडा फक्त न दुखेल इतकं चालणं. दुसऱ्यात भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलणं, बारा-बाराच्या तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि मग तेवढ्याच किंचित वाकवून. गुडघा वाकवून केल्याशिवाय खालचा स्नायू तयार होत नाही, आणि लोक नेमकं तेच सोडतात. तिसऱ्या आठवड्यात एका पायावर. दुखऱ्या पायानं चांगल्या पायाइतक्याच टाचा उचलता आल्या, न दुखता, तेव्हाच कोर्ट.

कोर्टावर परतल्यावरचं प्रमाण: पहिले दोन आठवडे एक दिवसाआड ३० मिनिटं, पुढचे दोन ४५, मग महिनाभर ६०, त्यानंतर ७५ आणि तिथंच थांबायचं. एका आठवड्यात मिनिटं वाढवली तर दिवस वाढवायचे नाहीत. रोजची परीक्षा अंथरुणातून उठल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत होते. टाच किंवा पोटरी धरली असेल तर त्या दिवशी सुट्टी. चालत येऊन गुण मोजायला बसायचं. सुभेदारांनी हे वेळापत्रक पुठ्ठ्यावर लिहून खांबाला टांगलं आणि तीस मिनिटांवर शिट्टी वाजवायचं काम स्वतःकडं घेतलं. शिट्टी झाल्यावर “एकच गेम ओ सुभेदार” चालत नाही.

खेळाआधी आठ-दहा मिनिटं: कोर्टाभोवती तीन फेऱ्या चालणं, टाचा उचलणं, खांब धरून अर्ध्या बैठका दहा, किचनच्या रेषेवरून आडवं सरकत दोन खेपा, खांदे फिरवणं, आणि शेवटी दोन मिनिटं जाळीजवळून हलके चेंडू. ताण देऊन धरून ठेवायचे व्यायाम खेळ संपल्यावर.

दुसरी : साखर

परतल्यावर पाचव्या आठवड्यात, साधारण चाळीस मिनिटांनी सरांना दरदरून घाम, हात थरथरले, अण्णांना ते “स्कोर किती?” असं तिसऱ्यांदा विचारू लागले. ग्लुकोमीटरवर ६४. ग्लिमेपिराइड घेऊन, चहावर खेळायला आले होते. ही गोळी साखर खाली ओढतेच, पोटात काही असो वा नसो. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा तसं करत नाही. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग नाश्ता. त्यानंतर डॉक्टरांशी बोलून गोळी खेळानंतरच्या नाश्त्याबरोबर घ्यायचं ठरलं. खेळायच्या आधी साखर शंभरच्या खाली असेल तर एक केळं खाऊनच बॅट हातात. अण्णांच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी कायम असते. ‘तब्येत बरी नाही, घरी जाऊन पडतो’ असं म्हणून अशा माणसाला एकट्याला जाऊ द्यायचं नाही.

रक्तदाबाच्या गोळीत बीटा ब्लॉकर असेल तर नाडी मोजून उपयोग नाही, ती औषधानंच दबलेली असते. थरथर आणि धडधड ही साखर उतरल्याची खूणही तो झाकतो. खेळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे पाहावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर खेळ तिथंच संपला आणि थेट दवाखाना.

तिसरी : पश्चिमेचं टोक

जानेवारीतली सकाळ, आठच्या सुमाराची. बाई पश्चिमेकडून, म्हणजे पूर्वेला तोंड करून खेळत होत्या. सुभेदारांनी डोक्यावरून उंच चेंडू टाकला. बाई चेंडूवर नजर ठेवून मागं मागं सरकल्या, सूर्य डोळ्यांत गेला, टाच अडखळली, मागं हात टेकून पडल्या. मनगट सुजलं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डोकं भिंतीपासून हातभर अंतरावर होतं.

या खेळात मोठ्या वयाच्या माणसांना होणाऱ्या गंभीर दुखापतींमागं पडणं हे मोठं कारण असतं, आणि पडण्याचा ठरलेला प्रकार हाच: पाठमोरं सरकणं. पाठमोरं सरकताना शरीराचा भार टाचेवर जातो आणि टाचेमागं सावरायला पाऊलच नसतं. पण इथं तीन गोष्टी एकाच टोकाला जमल्या होत्या: समोरून येणारं कोवळं ऊन, उंच चेंडू आणि साडेचार फुटांवरची भिंत. कोर्टामागं दोन्हीकडं निदान आठ फूट मोकळे असावेत, म्हणजे एकूण जागा किमान ६० फूट लांब, ३० फूट रुंद. भिंत हलवता येत नव्हती, म्हणून नियम हलवला. सकाळी साडेआठपर्यंत पश्चिमेच्या टोकाला उंच चेंडू टाकला तर टाकणाऱ्याची चूक. कोणीतरी एकच टोक सोसत बसू नये म्हणून ६ गुणांवर बाजू बदल. भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत जुन्या गाद्या काथ्यानं बांधल्या.

दुसऱ्या टोकाला उंच चेंडू आला तर वळायचं, खांदा जाळीकडं करून दोन-तीन पावलं आडवं पळायचं. तेवढ्यात पोचता येत नसेल तर सोडून द्यायचा. सोडायचं की नाही हे ज्याच्या डोक्यावरून चेंडू जातो त्याला कळत नाही, जोडीदाराला कळतं. म्हणून जोडीदार मोठ्यानं “सोडा!” म्हणतो आणि तो शब्द आला की पाय जागेवर थांबतात. पहिले काही दिवस अण्णांच्या तोंडून “बिडि!” निघायचं. ते सगळ्यांना कळायचं, पण एकच शब्द ठरला की विचार करायला क्षणही जात नाही.

खेळ बदलला, तेव्हा धावणं कमी झालं

इथं खेळाच्या डावपेचाचा आणि दुखापतीचा संबंध येतो, आणि आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग हाच. गटानं खेळ उलटा शिकला: आधी जोरदार फटके, मग स्मॅश, आणि हलका चेंडू ‘जमलं तर’. सर बॅडमिंटनच्या सवयीनं कोर्टाच्या मधोमध उभे राहायचे. बॅडमिंटनमध्ये ती बरोबर जागा आहे. इथं मधोमध उभ्या माणसाच्या पायाशी चेंडू येतो. तो अर्धवट वाकून, मागं झुकून घ्यावा लागतो. गुडघा, कंबर आणि कोपर तिघांचंही नुकसान.

नियम असा की सर्व्हिस एका टप्प्यानंतर घ्यायची आणि परतीचा चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या बाजूनं एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर हवेतला चेंडू मारता येतो, पण किचनमध्ये पाय असताना नाही, आणि हवेत मारल्यावर तोल जाऊन पाय आत पडला तरी चूकच. म्हणून सर्व्हिस घेणारी जोडी परतीचा फटका खोल मारून किचनच्या रेषेवर चालत येते. चालत, कारण खोल चेंडूला वेळ लागतो. सर्व्हिस करणारी जोडी मागं अडकलेली असते. तिनं तिसरा फटका जोरात न मारता कमानीसारखा, समोरच्या किचनमध्ये उतरेल असा टाकायचा आणि त्याच्या मागोमाग पुढे यायचं. चौघेही रेषेवर आले की प्रत्येकाच्या वाट्याला दहा फूट रुंदी येते, दोन पावलं आडवी. धावणं जवळजवळ संपतं.

फेब्रुवारीपासून प्रत्येक सकाळची पहिली दहा मिनिटं फक्त किचन ते किचन. बॅट समोर, टप्पा पडल्यावर चेंडू घ्यायचा, मनगट घट्ट, हालचाल खांद्यातून, पाठ न वाकवता गुडघे वाकवायचे. चेंडू जाळीच्या वर वीतभर जावा, जास्त नाही. बाईंनी किचनला ‘सैपाकघर’ केलं आणि “सैपाकघरात पाय ओ सर!” ही हाक दिवसातून वीसदा ऐकू येते. व्हॉलीबॉलमुळे सुभेदारांचा हात खाली यायला दोन महिने लागले.

सर्व्हिस कमरेखालून, हात खालून वर जाणारा. खांदा धरलेल्यांनी चेंडू हातातून नुसता सोडून टप्प्यानंतर मारावा. तेही नियमात बसतं आणि खांद्याला सोपं जातं. चेंडू समोरच्या तिरप्या चौकोनात, किचनची रेषा ओलांडून पडला पाहिजे. रेषेवर पडला तर चूक.

गुण ११ पर्यंत, दोनच्या फरकानं, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यांना. सर्व्हिसच्या आधी तीन आकडे पुकारायचे: आपले, त्यांचे, आणि आपण जोडीतले पहिले की दुसरे. या तिसऱ्या आकड्यानं सगळ्यांचा गोंधळ उडायचा, त्यात दोघांना कानानं कमी येतं. अक्कांनी तोड काढली: गुण मराठीत, तिसरा आकडा कन्नडात. “सात-चार-ओंदु”, “सात-चार-एरडु”. गुणांसाठी जाळीच्या दोरीवर कपड्यांचे चिमटे, दोन रंगांचे. एक गुण, एक चिमटा पुढे. ऐकू आलं नाही तरी दिसतं.

आवाजाची तक्रार लवकरच आली. कडक बॅट आणि कडक चेंडू यांचा टक-टक आवाज सकाळच्या शांततेत शंभर पावलांवर जातो. गट आता सव्वासातला सुरू करतो.  मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात २६ छिद्रांचा चेंडू.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हे कोर्ट वापरता येत नाही. सिमेंटवर आठ दिवसांत शेवाळ धरतं, आणि पाऊस उघडलेला दिसला म्हणून केलेला खेळ हा या भागातला पडण्याचा हमखास मार्ग आहे. जवळच्या एका हॉलची चौकशी केली. आत लांबी ३८ फूट, म्हणजे पूर्ण कोर्ट बसत नाही; गुळगुळीत फरशी; वर पंखे. म्हणून तिथं फक्त किचन ते किचन, १४ बाय २० फुटांची जागा कागदी चिकटपट्टीनं आखून, २६ छिद्रांच्या चेंडूनं, पंखे बंद ठेवून. बूट पिशवीतून न्यायचे, दारात बदलायचे. बाहेरची ओल बुटाखाली आली की फरशी साबणासारखी होते. आठवड्यातून दोनदा हे, उरलेले दिवस घरी टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद.

नऊ महिन्यांनी सरांची स्थिती: कोर्ट चालू असताना आठवड्यातून चार दिवस, ७५ मिनिटं. पोटरी पुन्हा धरलेली नाही. जिना उतरताना गुडघा आता क्वचित बोलतो. कोपर जड कामानंतर दुखतं, म्हणून पट्टा बांधतात. वजन जवळजवळ तेवढंच आहे. वजन उतरवायला हा खेळ घेतला तर निराशा होईल, ते काम ताटात होतं.

गणपतीत या मैदानावर मांडव पडतो आणि त्याच्या खांबांसाठी कोर्टाच्या कडेला पहारीनं चार खड्डे पडतात, त्यातले दोन थेट बाजूच्या रेषेवर. विसर्जनानंतर ते स्वच्छ धुऊन, एकास तीन सिमेंट-वाळूनं भरून, वरून पृष्ठभागाशी सपाट करून सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिजवून ताठ झाडूनं खरवडायचं, दोनदा धुवायचं, रेषा पुन्हा रंगवायच्या. दसऱ्यानंतर खेळ सुरू होईल तेव्हा खांबावर पुठ्ठा पहिल्या ओळीपासून लागतो: एक दिवसाआड, ३० मिनिटं. चार महिने कोर्ट सुटलेल्या पोटरीला नोव्हेंबरातली पहिली झेप पुन्हा नवीच असते, आणि शिट्टी सुभेदारांकडंच आहे.